पाच मिनिटांची पट्टी

डॉक्टरबाईंनी कागदाची एक पट्टी रंभाच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत अडकवली, दुसरी उजव्याच्या, आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पट्ट्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या लांब होत्या आणि त्यांवर बारीक निळ्या रेषा छापलेल्या होत्या. पाच मिनिटं डोळे मिटून बसा मावशी, हलू नका, बोलू नका, असं त्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "आणि रडायचं नाही हं. रडलात तर परत करावं लागेल."

दाराशी बसलेली, तिच्यासोबत पापडांच्या कामाला असलेली बायजा त्यावर फसकन हसली. रंभा हसली नाही. गेल्या तेरा महिन्यांत तिला रडू नको म्हणणारं हे पहिलं माणूस होतं. ते कोणी म्हणेल अशी तिने वाट पाहिली होती आणि नंतर वाट पाहणंही सोडलं होतं. आता ते असं, पेणच्या बाजाराच्या मागच्या दवाखान्यात, एका पोरसवदा डॉक्टरणीच्या तोंडून, गंमत म्हणून आलं. मिटल्या पापण्यांच्या आत काळोख नव्हता, मातकट लाल उजेड होता, आणि पट्ट्यांची खालची टोकं गालांना टोचत होती. पट्टी ओली होत गेली तर गार लागेल, असं तिला वाटलं. गार काही लागेना. ती मनातल्या मनात पापड मोजतात तसे आकडे मोजू लागली, पाच-पाचच्या थराने, आणि चौथ्या-पाचव्या थरावर मोजणी चुकली.

डोळ्याची जखम तीन आठवड्यांपूर्वीची होती. नवऱ्याच्या, मोरूच्या, वर्षश्राद्धासाठी ती पेणहून सासरच्या गावी, वरश्याला, गेली होती, सकाळच्या गाडीने. आदल्या दिवशी कामावर, गिरजाबाईंकडे, पोह्याच्या पापडांचं पीठ मळून झाल्यावर तिने चिमूटभर तिखट कागदात बांधून घेतलं होतं आणि तो कागद पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला होता. का, ते तिला ठाऊक होतं. वरश्याच्या घरात पाहुणे जमले, पानं मांडायची वेळ झाली, तेव्हा ती मागच्या न्हाणीत गेली, गाठ सोडली, बोटाच्या टोकाला तिखट लावलं आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांना फिरवलं, उजव्याला जरा जास्त. दुसऱ्या कोणाच्याही डोळ्यांतून धारा लागल्या असत्या. तिच्या डोळ्यांत नुसती आग झाली. ती आग तिथेच बसून राहिली, निखारा चुलीत बसतो तशी, कारण तिला धुवून बाहेर काढणारं आत काही नव्हतं. ती पाहुण्यांत परतली तेव्हा डोळे लाल होते आणि कोरडे ठाक होते. तिची जाऊ हौसा पानावर भात वाढताना थांबली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "डोळं आलं का गो तुझं?" एवढंच. वाढपात गुंतलेल्या लेकीने, सरूने, मान वरही केली नाही. संध्याकाळी उजवा डोळा उघडेनासा झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना तिने सांगितलं की पीठ मळताना हात लागला. बुबुळावर जखम झाली होती. ती औषधाने भरत आली, पण डॉक्टरबाईंना एक गोष्ट समजत नव्हती. डोळ्यात तिखट गेलं आणि पाणी आलंच नाही, असं कसं? म्हणून आज ह्या पट्ट्या.

पाणी आलंच नाही. वरश्यात हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं, फक्त त्यात डॉक्टरबाईंचं आश्चर्य नव्हतं. मोरू गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात गेला. तो पेणच्या पोह्यांच्या गिरणीत कामाला होता. कावीळ झाली, उतरली, परत झाली, मग पोटात पाणी भरलं, आणि मला वरश्याच्या घरी न्या म्हणून त्याने हट्ट धरला. शेवटच्या सकाळी हौसाने तांब्या आणि चमचा रंभाच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडात पाणी घाल म्हणून सांगितलं. त्याचे ओठ सुकून त्यांवर पांढरी साय धरल्यासारखं झालं होतं. तिने एक चमचा घातला, तो आत गेला. दुसरा घातला, तो ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि हनुवटीवरून उशीवर गेला. ती त्या ओघळाकडे पाहत राहिली. तिची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती, गेली काही वर्षं चिकटायची तशी, वाळल्या खळीने कागद चिकटावा तशी, आणि पहाटेपासून ती त्याच्या उशाशी बसून होती. मग तिने तांब्या उचलला आणि प्यायली. ठरवून नाही. तांब्या खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता आणि मोरूचा श्वास थांबलेला होता. आधी काय झालं, तांब्या संपला की श्वास, ते तिला आजही सांगता आलं नसतं. दारात सरू उभी होती.

मग बायका आल्या. नागोठण्याच्या, निडीच्या, तिच्या माहेरच्या, तिच्या सासरच्या. एकेक जण गळ्यात पडून हेल काढून रडायची, आणि रडता रडता तिच्या गालावर गाल घासायची, आणि गाल कोरडा लागला की तिचं रडणं क्षणभर अडायचं. तो अडण्याचा क्षण रंभाला प्रत्येकीच्या अंगात जाणवला होता. बायजा तिच्याबरोबर पेणहून आली होती. तिने कानात कुजबुजून सांगितलं होतं, पदरात कांदा घेऊन बस, लोक बघतात. रंभाला ते तेव्हा लाजिरवाणं वाटलं होतं. वर्षभराने ती तिखट घेऊन गेली. त्या पहिल्या दिवसांत ती बसल्या जागी पाणी मागायची, पुन्हा मागायची. सुतकात भात गळ्याखाली जायचा नाही म्हणून घासागणिक पाणी. तेराव्याच्या आधीच हौसा विहिरीवर बोलली: नवऱ्याला दोन चमचे नि आपल्याला तांब्या. ते बोलणं कुंडलिका नदीच्या पलीकडे गेलं, निडीला तिच्या माहेरी गेलं, तिच्या भावाने ते तिला जसंच्या तसं ऐकवलं.

सरू काहीच बोलली नाही. सरूचं न बोलणं वेगळं होतं. लग्न करून ती वरश्यातच दिली होती, नवरा काळुराम कंपनीत शिफ्टला जाणारा, घर हौसाच्या घरापासून चार घरं पलीकडे. बापावर तिचा जीव. तेराव्यानंतर रंभा दोनदा गेली तेव्हा सरू चहा ठेवून शेजारी निघून गेली. तिसऱ्यांदा दाराला बाहेरून कडी होती आणि आत बांगड्या वाजत होत्या, म्हणजे कोणीतरी मागच्या दाराने आत होतं. तिला दिवस गेल्याचं रंभाला बायजाकडून कळलं, बायजाला तिच्या वरश्यातल्या भाचीकडून. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पेणच्या दोन खोल्यांतली मागची खोली रंभाने मनातल्या मनात कितीदा तरी झाडली होती, पलंगाची जागा ठरवली होती. मग भाचीकडूनच कळलं की सरू काकीकडे, हौसाकडे, बाळंत होणार आहे. त्या दिवशी रंभाला झोपायच्या आधी लक्षात आलं की आपण दिवसभरात एक लाटीसुद्धा नीट लाटलेली नाही.

"उघडा डोळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पट्ट्या काढल्या, खिडकीशी धरल्या आणि बघतच राहिल्या. "दोन. आणि इकडे एक. निदान पंधरा रेषांपर्यंत ओलं व्हायला पाहिजे, मावशी." मग त्यांचं हसणं गेलं आणि प्रश्न सुरू झाले. तोंड कोरडं पडतं का? कधीपासून? भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का? नाही? कधीपासून? दात किती काढले? कधीपासून किडायला लागले? कानापुढे सूज येते का? त्यांनी दोन्ही हातांची बोटं तिच्या कानांच्या पुढे आणि जबड्याच्या कोनाखाली दाबून पाहिली, जीभ वर करायला लावली आणि जिभेखाली बघत म्हणाल्या, इथे चकाकायला पाहिजे, ओलं. इथे काहीच नाही. प्रत्येक प्रश्नाला शेपटासारखं ते "कधीपासून" लागलेलं होतं. रंभाला उत्तर देताना कळत गेलं की सगळ्यांचं उत्तर एकच आहे. सहा वर्षं. सात असतील.

त्यांनी जे सांगितलं ते तिला एका बैठकीत समजलं नाही. तोंडात लाळ तयार करणाऱ्या गाठी असतात, कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली, ओठाच्या आतसुद्धा बारीक बारीक. डोळ्यांतलं पाणी करणाऱ्या गाठी त्यांच्याच जातीच्या. अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते ती कधी कधी चुकते आणि ह्या गाठींनाच परकं समजून खाऊ लागते. कोणामुळे, असं रंभाने विचारलं. कोणामुळे नाही, असं होतं, बायकांना जास्त होतं, त्या म्हणाल्या. खात्री करायला पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात ओठाच्या आतला तांदळाएवढा तुकडा काढून तपासावा लागेल, रक्त द्यावं लागेल. बरं होत नाही, पण जपता येतं. दर थोड्या वेळाने घोटभर पाणी. आंबट बंद. मिश्री बंद, आजपासून. दोन वेळा पेस्टने दात. डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब. गाठ एकाएकी वाढली, दुखायची थांबली तरी वाढतच राहिली, तर त्याच दिवशी यायचं. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं, आणि लिहिता लिहिता सहज म्हणाल्या की सहा वर्षांपूर्वी कोणी नुसतं तोंडात बोट घालून पाहिलं असतं तर दात राहिले असते.

बाहेर पडल्यावर बायजाने थेंबांची बाटली हातात घेऊन वर-खाली करून बघितली. "बग गो, रडाया बाटली मिळाली तुला," ती म्हणाली. "तवाच मिळती तर कांदा तरी वाचला असता."

रंभाला त्याचा राग आला नाही. ती चिंचेचा विचार करत होती. सहा वर्षं तिने गालात चिंचेचा गोळा ठेवला होता, कधी आवळा, कधी कोकमाचं साल, कारण आंबटाने तेवढ्यापुरती तोंडाला ओल यायची. आणि त्याच आंबटाने दात खाल्ले. कोणी उष्णता म्हटलं होतं, कोणी सब्जा दिला होता, गुलकंद दिला होता, जिऱ्याचं पाणी दिलं होतं. तीही सगळ्यांना तेच सांगायची, अंगात उष्णता हाय. चिंच खरं तर कामासाठी होती. गिरजाबाईंच्या पापडांत तिखट किती, हिंग किती, पापडखार किती, हे पंधरा वर्षं रंभाच्या जिभेवर ठरत आलं होतं. मळलेल्या पिठाची सुपारीएवढी लाटी तेलात बुडवून ती तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, खार कमी हाय. गिरजाबाई तिच्या जिभेला काटा म्हणायच्या. मग चवी एकेक करून गेल्या. आधी हिंग. मग मीठ. तिखट राहिलं, पण ते चव म्हणून नाही, जखम म्हणून. लाटी तोंडात मातीसारखी फिरायची आणि गिळायला पाणी लागायचं. तेव्हा तिने एक युक्ती केली. लाटी करून ती आधी बायजाला द्यायची, "घे, खा," म्हणायची, आणि बायजाचं तोंड बघायची. बायजाची डावी भुवई चढली की खार जास्त. तिने दोन वर्षं बायजाच्या भुवईवर पापड काढले. मग एका उन्हाळ्यात बायजाला दाढदुखी झाली, भुवई सारखीच चढलेली राहिली, रंभाने पापडखार कमी करत नेला, आणि शंभर गड्ड्यांतले पापड तळल्यावर फुललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंनी पहिली लाटी बायजापुढे धरली. रंभा पोळपाट ओढून लाटणाऱ्यांच्या रांगेत बसली.

तिने ते वयावर घातलं होतं. सगळंच तिने कशा ना कशावर घातलं होतं. मोरूचंसुद्धा. मोरू फार बोलणारा नव्हता. मारणारा नव्हता, लाड करणाराही नव्हता. जेवताना ती घासागणिक पाणी प्यायची तेव्हा तो ताटातून मान वर करून बघायचा आणि परत खाली घालायचा. पण आधी, सरू शाळेत होती तेव्हा, दोघांमध्ये जे होतं ते होतं. मग तिचं अंग, आतपर्यंत, कोरडं पडत गेलं. त्याचा स्पर्श नको असायचा असं नव्हतं, पण स्पर्शाने दुखायचं, आणि दुखलं की ती आखडायची, आणि आखडली की तो थांबायचा. एकदा तो थांबला आणि छताकडे बघत म्हणाला, "तुला मी नको झालोय." तिलाही तसंच वाटलं. दुसरं काय कारण असणार? त्याने कूस बदलली आणि ती पाठ पाच वर्षं तशीच राहिली. त्या पाच वर्षांत तिने हळूहळू स्वतःबद्दल एक मत बनवलं होतं, की आपण आटलेली बाई आहोत, आपल्यात माया उरलेली नाही. ते मत वाईट होतं, पण तिचं होतं, त्यात ती राहायला शिकली होती. मग त्याच्या मरणाला डोळ्यांत पाणी आलं नाही तेव्हा तिला धक्का बसला नाही. ते तिच्या हिशेबात बसलंच होतं.

आता कोणी एक कागदाची पट्टी खिडकीशी धरून सांगत होतं की माया नव्हे, गाठी.

पनवेलला ओठाचा तुकडा काढला. ओठ आठवडाभर बधिर राहिला. माघ लागला तेव्हा रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाईंनी तो वाचून मान हलवली, जसं वाटलं होतं तसंच. मग रंभाने, उठता उठता, मुलीला पाचवा चालू आहे आणि तिचं बाळंतपण, असं काहीतरी अर्धवट बोलून टाकलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मुलीच्या रक्तात हाच दोष असला, तिला स्वतःला काही होत नसलं तरी, पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंद पडू शकतात, त्या म्हणाल्या. सगळ्यांचं होत नाही, थोड्यांचं होतं. पण वेळेत कळलं तर लक्ष ठेवता येतं. पाचवा सरायच्या आत तिचं रक्त तपासायला हवं. "तिला तहान फार लागते का?"

रंभा म्हणाली, ठाऊक नाही. तेरा-चौदा महिन्यांत तिने सरूला जेवताना पाहिलं नव्हतं.

रोह्याच्या गाडीत दुपारी गर्दी नव्हती. पिशवीत रिपोर्ट होता आणि एका कागदाच्या पुडीत ती पहिली पट्टी, दोन रेषांवाली. ती तिने डॉक्टरबाईंकडे मागून घेतली होती. बाहेर भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वाल फुलला होता. नागोठणं गेलं तेव्हा दोन तास झाले होते म्हणून तिने मान मागे टाकून थेंब घातले. थेंब सरळ गालांवर उतरले. समोर शेंगांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी पुढे वाकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नको गो बाय. काय झाला?" काही नाही, औषध आहे, असं रंभाने सांगितलं. म्हातारीला ते पटलं नाही. तिने दोन मूठ शेंगा काढून रंभाच्या पिशवीत टाकल्या आणि निडीला उतरेपर्यंत हात तिच्या गुडघ्यावरून काढला नाही.

निडीच्या फलाटावर गाडी मिनिटभर थांबली. इथे, माहेरी, ती बापाच्या मरणाला रडली होती, बारा वर्षांपूर्वी, भरपूर, नाक-डोळे सुजेपर्यंत. ती ते रडणं आठवायचा प्रयत्न करू लागली. ते कुठून सुरू झालं होतं? गळ्यात काही दाटलं होतं, मग डोळे भरले, गाल गरम झाले, खारट पाणी ओठांत आलं आणि मग तिला कळलं होतं की आपल्याला फार दुःख झालं आहे. की दुःख आधी आलं होतं आणि पाणी मागून? तिला तो क्रम लावता येईना. पाणी आधी असेल तर मोरूच्या वेळी दुःखाला यायला वाटच नव्हती. ते आत कुठेतरी अजून बसलेलं असेल. आणि दुःख आधी असेल, तर त्या सकाळी तांब्या खाली ठेवताना आतमध्ये काय होतं? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तहान होती. तहान भागल्याचं सुख होतं. दुसरं काही तिला सापडलं नाही. पण जे सापडत नाही ते नव्हतंच, हेही आता तिला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. एका कागदाने तिची सुटका केली होती आणि त्याच कागदाने तिच्याकडून स्वतःविषयीची एकुलती एक खात्री काढून घेतली होती.

रोह्याला उतरून ती वरश्याला चालत गेली. सरूच्या दाराशी पोचेपर्यंत थेंबांची वेळ परत झाली होती. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. बाटली हातात घेऊन ती पायरीशी उभी राहिली. आत्ता थेंब घातले तर दार उघडेल तेव्हा दोन्ही गालांवर पाणी असेल. मग रिपोर्ट दाखवायला लागणार नाही, पट्टी दाखवायला लागणार नाही, काही बोलायलाच लागणार नाही. म्हातारीला ते रडणंच वाटलं तसं सरूलाही वाटेल. वेळ झाली होती, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. तिने बाटली पिशवीत टाकली आणि कडी वाजवली.

दार उघडलं. सरू जाड झाली होती, चेहरा मात्र ओढलेला. काळुराम पहिल्या शिफ्टहून येऊन झोपला आहे, असं ती म्हणाली, म्हणजे मोठ्याने बोलू नको. पण बाजूला झाली. रंभा आत बसली आणि प्रवासात चार वेळा घोकलेलं सगळं उलट क्रमाने बोलून गेली. आधी रक्त, मग बाळाचे ठोके, मग गाठी, मग पट्टी. सरू ऐकत नव्हती, असं वाटत होतं. ठोक्यांचं ऐकताना तिचा हात पोटावर गेला, तेवढंच. तिने रिपोर्ट घेतला. दहावी झालेली, ती एकेक इंग्रजी शब्द ओठांनी जुळवत खालपर्यंत गेली. मग पुडी उघडून पट्टी हातात घेतली, उलटी-सुलटी केली, रेषा मोजल्या. एक, दोन. पुढच्या सगळ्या रेषा कोऱ्या.

"म्हंजे तवा तुला रडू येत व्हतं," ती हळू म्हणाली. "फकस्त पाणी येत नव्हतं. असंच ना, आये?"

आये, तिने म्हटलं होतं. रंभाची जीभ टाळूला चिकटली होती. खरं उत्तर एकच होतं, की ठाऊक नाही. ते दिलं तर ही उठेल आणि मागच्या दाराने हौसाकडे जाईल, आणि हौसा म्हणेल, कसलं रक्त नि कसलं काय. पाचवा सरेल. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला, गिळला.

"व्हय," ती म्हणाली.

सरूने पट्टी खाली ठेवली आणि रंभाच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती आवाज न करता रडली, नवरा झोपला होता म्हणून. रंभा ताठ बसून राहिली. काळवंडल्या चोळीच्या खांद्याला आधी गरम लागलं, मग गार. गार पसरत गेलं. दोन रेषा. पाच. ती मनात मोजू लागली, ह्या वेळी मोजणी चुकू न देता. खांद्यावरून दंडावर आलं, बाहीच्या शिवणीपर्यंत आलं. पंधरा तरी झाल्या असतील. पुढे गेल्या असतील. हिच्या डोळ्यांत पाणी आहे, तिने स्वतःला सांगितलं. हिच्या डोळ्यांत पाणी आहे. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदाच छातीतून काही सैल झाल्यासारखं वाटलं. काकीला मी सांगेन, सरू खांद्यातच तोंड घालून म्हणाली, सातव्यात मी पेनलाच येते. आणि त्या डॉक्टरणीकडं म्हनशील तवा जाऊ.

मग ती नाक पुसून उठली. कोपऱ्यातल्या हंड्यावरचं झाकण काढून तिने तांब्या बुडवून भरला. रंभाने हात पुढे केला, तिला वाटलं आपल्यासाठीच. सरूने तांब्या तोंडाला लावला. गळा वर-खाली होत राहिला, न थांबता, आणि तिने तांब्या खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. मनगटाने ओठ पुसत ती ओशाळून हसली.

"उष्णता हाय गो अंगात," ती म्हणाली.

रंभाचा हात अजून पुढेच होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.